आईची सुट्टी आणि आयर्लंडचा नाताळ

डब्लिनमध्ये राहायला येऊन मला तीन वर्षं झाली. या डिसेंबरमध्ये आई-बाबा पहिल्यांदा येताहेत, १८ डिसेंबर ते ७ जानेवारी. सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं: एक शीट उघडली. तारीख, ठिकाण, गाडीने किती वेळ, पाऊस आला तर काय, आणि शेवटचा रकाना 'हे का बघायचं'. लिंक आई-बाबांना पाठवली. बाबांनी ती उघडली नाही. आईने उघडली आणि रात्री फोनवर विचारलं, "अरे, तू जी घरं बुक केलीस त्यात किचन आहे ना? म्हणजे भाजणी आणि गोडा मसाला किती आणायचा ते ठरवते."

मी 'हो' म्हणालो आणि विषय बदलला. त्या प्रश्नाकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण हा लेख त्यामुळेच लिहावासा वाटला.

शेवटचा रकाना भरायला मी संध्याकाळी वाचायला लागलो. सुरुवातीला एका ओळीपुरतं. मग लक्षात आलं की आयर्लंडच्या नाताळात दिव्यांची तोरणं आणि मॉलमधली गाणी हा वरचा थर आहे. खाली बरंच काही आहे: पाच हजार वर्षांपूर्वीचा एक बोगदा, धर्मावर बंदी घालणारे कायदे, दुष्काळ, बोटीवर चढलेली पोरं आणि वर्षातून एकदा सुट्टी मिळणाऱ्या बायका.

२१ डिसेंबर : न्यूग्रेंज

डब्लिनमध्ये २१ डिसेंबरला सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चार वाजून गेले की मावळतो. दिवस जेमतेम साडेसात तासांचा. पहिल्या हिवाळ्यात मी ऑफिसला अंधारात जायचो आणि अंधारातच परत यायचो. सण नेमके याच दिवसांत का, हे तेव्हा कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

इथल्या माणसांना ते फार पूर्वी समजलं होतं. डब्लिनच्या उत्तरेला मीथ परगण्यात, बॉइन नदीच्या काठी न्यूग्रेंज नावाची एक समाधी आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० साली बांधलेली. म्हणजे गिझाच्या पिरॅमिडच्याही आधीची. सुमारे ८५ मीटर व्यासाचा गोल टेकाड, भोवती ९७ मोठ्या दगडांचं कडं, आणि आत जाणारा १९ मीटर लांबीचा अरुंद दगडी बोगदा. शेवटी एक दालन. १६९९ साली रस्त्यासाठी दगड काढताना मजुरांना त्याचं तोंड सापडलं. पुढची अडीचशे वर्षं लोक आत जाऊन येत राहिले, पण मुख्य गोष्ट कुणाला कळली नव्हती.

कॉर्कच्या विद्यापीठातले प्राध्यापक मायकेल ओ'केली यांनी १९६२ पासून तिथे उत्खनन केलं. दाराच्या वर त्यांना एक चौकोनी फट सापडली. दार असताना वर पुन्हा भोक कशाला? आजूबाजूचे लोक सांगायचे की वर्षातल्या एका ठरावीक वेळी ऊन आतपर्यंत जातं. ओ'केलींनी अंदाज बांधला आणि २१ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ते आत जाऊन अंधारात थांबले. नऊ वाजायला दोन-तीन मिनिटं असताना उन्हाची एक बारीक रेघ त्या फटीतून आली, जमिनीवरून सरकत दालनापर्यंत पोचली, रुंद झाली आणि सुमारे १७ मिनिटांनी नाहीशी झाली.

इंजिनिअर म्हणून मला यातला साधा हिशेब आवडतो. बोगद्याची जमीन आत जाताना चढत जाते, इतकी की दालनाची जमीन जवळपास त्या फटीच्या पातळीला येते. त्यामुळे दारातून शिरलेलं ऊन वाटेतच अडतं आणि फटीतून आलेलं थेट आत पोचतं. आज ते सूर्योदयानंतर चार मिनिटांनी शिरतं. पृथ्वीच्या अक्षाचा कल मधल्या काळात किंचित बदलला आहे. तो हिशेबात धरला तर बांधणाऱ्यांच्या काळी ऊन बरोबर सूर्योदयाच्या क्षणी आत येत असे. लिपी नाही, धातू नाही, चाक नाही. नुसतं वर्षानुवर्षं बघणं.

आपल्याकडेही उत्तरायणाचा सण आहेच. फरक असा की आपली संक्रांत राशींना बांधलेली, आणि संपातचलनामुळे ती खऱ्या अयनदिनापासून सरकत जानेवारीच्या मध्यावर आली. न्यूग्रेंजचा दगड मात्र सूर्यालाच बांधलेला आहे.

आत जायला लॉटरी असते. हजारो लोक अर्ज करतात आणि चिठ्ठ्या जवळच्या शाळांमधली मुलं काढतात. नंबर लागला तरी ढग आले की संपलं. आमचा नंबर लागला नाही. पण त्या पहाटे बाहेर लोक जमतात, आणि इतर दिवशी आत नेतात तेव्हा विजेचा दिवा लावून ऊन कसं येतं ते दाखवतात. शीटमध्ये मी लिहिलं: 'पहाटे ६ ला निघायचं. आईसाठी दोन स्वेटर.'

डब्लिन : एक रस्ता, एक महिना

ओ'कॉनेल स्ट्रीटवर नाताळचं मोठं झाड उभं राहतं. पूर्वी ८ डिसेंबरला गावोगावचे लोक आगगाडीने इथे खरेदीला यायचे, शाळांना सुट्टी असायची. याच रस्त्यावर जनरल पोस्ट ऑफिस आहे. २४ एप्रिल १९१६ ला, ईस्टरच्या सोमवारी, त्याच्या दारात पॅट्रिक पिअर्स यांनी आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. आठवडाभरात इंग्रजांच्या तोफांनी रस्त्याचा बराच भाग जाळून टाकला.

बाबांना इतिहासाची आवड आहे, म्हणून त्यांच्यासाठी एक नोंद केली. त्याच एप्रिल महिन्यात बेळगावला टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. 'होमरूल' हा शब्दच आयर्लंडचा. १८७० पासून आयझॅक बट आणि नंतर पार्नेल यांनी चालवलेल्या चळवळीचं ते नाव होतं. आपण शाळेत तो शब्द पाठ केला, पण तो कुठून आला हे कुणी विचारलं नाही. म्हणजे बेळगावात आयर्लंडकडून उसना घेतलेला शब्द चळवळीचं नाव होत होता, आणि खुद्द डब्लिनमधली काही माणसं त्या शब्दावर थांबायला तयार नव्हती.

२४ डिसेंबर : खिडकीतली मेणबत्ती

नाताळच्या आदल्या रात्री खिडकीत मेणबत्ती लावायची, ती घरातल्या सगळ्यात लहान मुलानं पेटवायची. मेरी आणि जोसेफला त्या रात्री कुठेच जागा मिळाली नव्हती, म्हणून आमचं दार उघडं आहे ही खूण. ही झाली एक गोष्ट.

दुसरी गोष्ट कायद्याच्या काळातली. १६९५ पासून आयर्लंडच्या प्रोटेस्टंट संसदेने कॅथलिकांविरुद्ध कायद्यांची रांग लावली. कॅथलिक माणसाला पाच पौंडांपेक्षा महाग घोडा ठेवता येईना. पुढे जमीन विकत घेता येईना. बापाची जमीन सगळ्या मुलांत वाटली जाई, पण थोरल्याने धर्म बदलला तर त्याला सगळी मिळे. १६९७ च्या कायद्याने बिशप आणि मठवासी धर्मगुरूंना देश सोडायला सांगितलं. बहुसंख्य लोकांचा धर्म डोंगरात, एखाद्या सपाट खडकाभोवती चालायचा. असे 'मासचे खडक' आजही जागोजाग दाखवतात. लोक सांगतात की खिडकीतली मेणबत्ती ही लपतछपत फिरणाऱ्या धर्मगुरूला खूण होती: हे घर आपलं आहे, आत ये. आणि शिपायांनी विचारलं तर सांगायचं, मेरी-जोसेफसाठी लावली आहे.

या दुसऱ्या गोष्टीचा लेखी पुरावा मागितला तर हातात फारसं काही येत नाही. खुणेचा उपयोगच असा की ती कागदावर येऊ नये. पण लोकांनी ती पिढ्यान् पिढ्या सांगितली, यातून त्यांना स्वतःच्या सणाबद्दल काय वाटत होतं ते कळतं.

आणि लोक काय सांगायचे, हे कळायची इथे एक विलक्षण सोय आहे. १९३५ साली सरकारने लोकसाहित्य गोळा करायला एक आयोग नेमला. १९३७ ते १९३९ मध्ये सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांमधल्या मुलांना काम दिलं: आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून आणा. सण कसे करायचे, औषधं कुठली, भुतं कुठे असायची. सुमारे पन्नास हजार मुलांनी लिहिलं. आज ती पानं 'डूखस' नावाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, आणि लोक स्वेच्छेने ती टाइप करून देताहेत. शाळकरी वळणदार अक्षर, खाली आजीचं नाव आणि वय. मला आपल्या जात्यावरच्या ओव्यांची आठवण झाली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या नसत्या, तर त्या बायकांबरोबर गेल्या असत्या. फरक एवढाच की इथे हे काम सरकारने शाळेतल्या मुलांकडून, गृहपाठ म्हणून करून घेतलं.

२५ डिसेंबर : बंद

माझ्या शीटमधली सगळ्यात मोठी चूक याच दिवशी होती. मी डब्लिनहून डिंगलला जायचा प्रवास २५ तारखेला लावला होता. टीममधल्या आयरिश सहकाऱ्याने बघितलं आणि तो हसतच सुटला. त्या दिवशी रेल्वे नाही, बस नाही, ट्राम नाही. डब्लिनच्या विमानतळावरून विमानंसुद्धा उडत नाहीत.

पबही बंद, आणि तेही कायद्याने. १९२७ च्या दारूविक्री कायद्याने वर्षात तीन दिवस विक्री बंद केली: नाताळ, गुड फ्रायडे आणि सेंट पॅट्रिकचा दिवस. आज जगभर ज्या दिवशी हिरव्या टोप्या घालून बिअर पितात, त्या दिवशी खुद्द आयर्लंडमध्ये १९६० पर्यंत पब बंद असायचे. डब्लिनमध्ये उघडपणे मिळण्याचं एक ठिकाण म्हणजे त्या दिवशी भरणारं कुत्र्यांचं प्रदर्शन, त्यामुळे तिथे श्वानप्रेमींची अचानक गर्दी व्हायची. गुड फ्रायडेची बंदी २०१८ मध्ये उठली. नाताळची अजून आहे.

तर आम्ही २३ तारखेलाच भाड्याची गाडी घेऊन डिंगलला जाणार. २५ ला घरात. 'जेवण' या रकान्यात मी सवयीने लिहिलं होतं: 'घरी. आई.'

२६ डिसेंबर : रेनचा दिवस

डिंगल हे नैर्ऋत्य टोकाचं, केरी परगण्यातलं समुद्रकाठचं गाव. आसपासच्या टापूत आयरिश भाषा अजून घरात बोलतात. २६ डिसेंबरला तिथे 'लॉ अन ड्रोलीन', म्हणजे रेनचा दिवस असतो. रेन हा आपल्या शिंजीराएवढा तपकिरी पक्षी. पूर्वी पोरं झुडपं बडवून तो मारायची, हॉलीच्या फांदीवर बांधून काठीवर मिरवायची आणि दारोदार गाणी म्हणून त्याच्या 'अंत्यविधीसाठी' पैसे मागायची. त्या पैशांची रात्री पार्टी.

एवढ्याशा पक्ष्यावर राग का? कुणी म्हणतं, सेंट स्टीफन झुडपात लपला होता तेव्हा याने किलबिलाट करून त्याला पकडून दिलं. कुणी म्हणतं, आयरिश सैनिक रात्री शत्रूच्या तळावर चालून जात होते तेव्हा हा ढोलावर टोचे मारत बसला आणि शत्रू जागा झाला. शत्रू कोण, ते सांगणाऱ्यावर अवलंबून: कधी व्हायकिंग, कधी क्रॉमवेल. गोष्ट तीच, काळानुसार वैरी बदलतो. ज्या देशात बंडं वारंवार फसली, तिथे 'आपल्यातल्याच कुणीतरी फितुरी केली' ही गोष्ट टिकून राहावी, यात मला नवल वाटत नाही.

१८४५ मध्ये कॉर्कचे महापौर रिचर्ड डाउडन यांनी प्राण्यांशी क्रूरता म्हणून या शिकारीवर बंदीचा हुकूम काढला. प्रथा मात्र राहिली. आज डिंगलमध्ये खरा पक्षी नसतो. गवताचे पोशाख आणि मुखवटे घातलेले लोक ढोल आणि बासऱ्या वाजवत रस्त्यांवरून फिरतात, आणि जमलेले पैसे चांगल्या कामाला जातात. बाबांना शिमग्याची सोंगं आठवतील असं मला वाटतं.

२८ डिसेंबर : कोव्ह

महापौरांचा हुकूम निघाला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बटाट्यावर करपा दिसला. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजार होती. गरीब शेतकऱ्याचं पोट जवळपास पूर्णपणे बटाट्यावर. धान्य पिके, पण ते खंड भरायला आणि निर्यातीला जाई. १८४५ ते १८५२ मध्ये सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली, आणखी दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. जाणं मग थांबलंच नाही. आज उत्तर आणि दक्षिण मिळून बेटाची लोकसंख्या ७० लाखांच्या थोडी वर आहे. पावणेदोनशे वर्षं झाली तरी ती १८४१ इतकी झालेली नाही. हा आकडा मी शीटमध्ये लिहिला आणि बराच वेळ पुढे काही लिहिलं नाही.

कॉर्कजवळचं कोव्ह हे त्या जाण्याचं बंदर. १८४८ ते १९५० मध्ये सुमारे २५ लाख माणसं इथून गेली. धक्क्यावर एका मुलीचा आणि तिच्या दोन भावांचा पुतळा आहे. ती ॲनी मूर, वय १७. २० डिसेंबर १८९१ ला ती धाकट्या भावांना घेऊन 'नेवाडा' बोटीवर चढली. आई-वडील आधीच न्यूयॉर्कला गेले होते. तिघांचा नाताळ अटलांटिकवर गेला. १ जानेवारी १८९२ ला एलिस बेटावरचं नवं केंद्र उघडलं आणि तिथून अमेरिकेत शिरलेली पहिली व्यक्ती ती ठरली. तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं देण्यात आलं.

गेलेली मुलं डिसेंबरमध्ये पत्रं पाठवायची, आत पैसे. त्याला इथे 'अमेरिकेचं पत्र' म्हणत. कित्येक घरांचा नाताळ आणि खंड त्या पाकिटावर निघायचा. दर महिन्याला मोबाइलवरून घरी पैसे पाठवताना आता मला ते पाकीट आठवतं. माझी गोष्ट सोपी आहे हे मला कळतं. मी उपाशी म्हणून आलो नाही, आणि रोज रात्री व्हिडिओवर आईचा चेहरा दिसतो. तरी दिवाळीत घरात एक पाट कमी असतो, हेही तेवढंच खरं.

१९९० मध्ये मेरी रॉबिन्सन आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. राष्ट्राध्यक्ष निवासातल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांनी एक दिवा ठेवला, जगभर पांगलेल्या आयरिश माणसांसाठी. जुन्या मेणबत्तीला नवा अर्थ मिळाला. पूर्वी ती येणाऱ्यासाठी होती, आता गेलेल्यासाठी.

६ जानेवारी : बायकांचा नाताळ

नाताळचे बारा दिवस ६ जानेवारीला संपतात. १७५२ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडने पंचांग बदललं. २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. जुन्या हिशेबाने नाताळ करणाऱ्यांचा सण त्यामुळे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जाऊन पडला, आणि ६ तारखेला 'धाकटा नाताळ' म्हणायची रीत कित्येक ठिकाणी आहे. पण कॉर्क आणि केरीत तिचं दुसरं नाव जास्त चालतं: 'नॉलिग ना मॉन', बायकांचा नाताळ.

त्या दिवशी घरातलं काम पुरुष करायचे. बायका एकमेकींकडे जायच्या, चहा प्यायच्या, उरलेला केक खायच्या. बारा दिवस रांधणं, वाढणं, धुणं, पाहुणे सांभाळणं झाल्यावर एक दिवस. हे वाचून मला आधी गंमत वाटली. मग उलटा विचार आला: ज्या दिवसाला 'बायकांचा' असं नाव द्यावं लागतं, त्याच्या आधीचे अकरा दिवस कुणाचे असतात?

इतिहासात बघितलं तर उत्तर मिळतं. १९१६ चा जाहीरनामा आयरिश पुरुष आणि आयरिश स्त्रिया अशा दोघांना उद्देशून होता. वीस-एकवीस वर्षांनी, १९३७ च्या राज्यघटनेत ४१.२ हे कलम आलं: स्त्री घरातल्या आपल्या आयुष्याने राष्ट्राला आधार देते, आणि आर्थिक गरजेपोटी मातांना घरची कर्तव्यं सोडून नोकरी करावी लागू नये म्हणून राज्य प्रयत्न करील. वाचायला गौरव वाटतो. व्यवहारात सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न केलं की तिला राजीनामा द्यावा लागे, आणि तो नियम १९७३ पर्यंत टिकला. ४१.२ बदलायला मार्च २०२४ मध्ये सार्वमत झालं. नवा मजकूर लोकांना पटला नाही. सुमारे ७४ टक्के मतं विरोधात गेली. कलम अजून घटनेत आहे.

माझी आई लग्नाआधी पतसंस्थेत क्लार्क होती. लग्नानंतर दोन वर्षांनी, मी झाल्यावर, तिने नोकरी सोडली. आपल्याकडे तसा कायदा नव्हता. कायद्याची गरजही पडली नाही. 'हिशेबात चुकायची नाही,' असं आजी सांगायची, आणि घरातला किराणा ती अजूनही कागदावर बेरीज न करता सांगते. दिवाळीत पहाटे चारला उठणारी ती, आणि सगळे जेवल्यावर बसणारीही ती. या सगळ्याकडे मी अठ्ठावीस वर्षं बघत होतो. ते मला दिसलं शीटच्या एका रकान्यात, माझ्याच हाताने लिहिलेलं: 'घरी. आई.' हजारो किलोमीटरवरून तिला सुट्टीवर बोलावलं होतं, आणि स्वयंपाकघर आधीच तिच्या नावावर करून ठेवलं होतं.

मी रकाना बदलला. २५ डिसेंबर: मी आणि बाबा. २६: मी. ६ जानेवारीला 'आई' या नावापुढे काहीच लिहिलं नाही. मग वाटलं, फक्त ६ जानेवारीला मोकळं ठेवलं तर ती आयरिश पुरुषांचीच जुनी युक्ती होईल, म्हणून बाकीच्या दिवसांवरूनही तिचं नाव काढलं.

काल रात्री तिचा फोन आला.

"अरे, ते शीटमध्ये माझं नाव कुठेच दिसत नाही जेवणात. बाबांचं लिहिलंयस. त्यांना भात तरी लावता येतो का?"

"शिकतील. तू यायला अजून महिना आहे."

"आणि मग मी तिथे येऊन करू काय दिवसभर?"

मी तिला सहा जानेवारीची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं. पण भाजणी आणतेच. तुम्हाला जमलं नाही तर असू दे."

मागून बाबांचा आवाज आला, कुकरच्या किती शिट्ट्या, असं काहीतरी विचारत होते.